सातव्या थांब्याचा दगड

खळगा दगडाच्या पूर्वेकडच्या बाजूला होता. आकाराने बदामाएवढा, कडा बोटांनी घासून गुळगुळीत झालेल्या, आणि तळाशी बारीक पांढरी भुकटी. फुंकर मारली की ती उडून जायची आणि दोन दिवसांत पुन्हा जमायची. भोवतालचा दगड राखाडी होता, काचेसारख्या पातळ पापुद्र्यांचा, जरा तिरक्या उजेडात अभ्रकासारखा चमकणारा. खळग्यात मात्र ती चमक नव्हती. तिथे तो नुसता खडूसारखा दिसे.

नीवेस स्तान्यीने मोजपट्टीची सुई खळग्याच्या तळाला टेकवली, आकडा वाचला, सुई काढून परत टेकवली आणि पुन्हा वाचला. मग एक हात दगडावरच्या खांबाला लावून उठली. चौसष्टाव्या वर्षी तिचे गुडघे वाकायला कुरकुर करत नसत, सरळ व्हायला करत.

“वाढला?” दारातून लेआर्कोने विचारलं. तिचा धाकटा भाऊ. हातात कॉफीचा छोटा कप, पायात घरातल्या सपाता.

“थोडा.”

“मागच्या महिन्यातही थोडाच होता. असा थोडा थोडा करत एक दिवस मी पलंगासकट रस्त्यावर उतरेन. जिना उतरायचे कष्ट वाचतील.”

 मोजपट्टी तिने मऊ कापडात गुंडाळली.

दगड सेलेनाइटचा होता, म्हणजे चिरोडीचा, जिप्समचाच स्फटिक. बोलोन्या शहराच्या दक्षिणेच्या टेकड्यांत तो पूर्वी मुबलक निघे आणि जुन्या लोकांनी जिथे तिथे तो घरांच्या पायाला वापरला. या दगडावर ओकचा एक खांब उभा होता, सात-आठशे वर्षांचा, काळा पडलेला. खांबावर तुळई, तुळईवर पहिल्या मजल्याची पुढची खोली, आणि त्या खोलीत लेआर्को. खोलीच्या खाली ओवरी, आणि ओवरीतून सगळी आळी ये-जा करायची. जमीन स्तान्यींची, पण वाट सगळ्यांची. फरशी झाडायची, पुसायची, फुटली तर बसवायची ती घरमालकाने, आणि कुणालाही अडवायचं मात्र नाही. या गावात हा कायदा घरांपेक्षाही जुना आहे असं लोक म्हणतात. त्यामुळे दगडाभोवती कठडा घालायची सोय नव्हती. वाट अरुंद झाली असती.

सोय एकच होती, आणि ती चिंझिया पेद्रेल्लीने दोन वर्षांपूर्वी सांगितली होती. चिंझिया जुन्या घरांची इंजिनिअर, त्याआधी नीवेसची शाळेतली विद्यार्थिनी. दगडाला लोखंडी पट्टे आवळायचे आणि वरून चुन्याचा जाड गिलावा द्यायचा, म्हणजे तो आत राहील, भार पेलत राहील, फक्त पुन्हा कुणाला दिसणार नाही. परवानगी मिळाली होती. गवंडी मिळाले होते. उत्तर तेवढं मिळायचं होतं, आणि ते नीवेसकडून यायचं होतं, कारण घर दोघांच्या नावावर असलं तरी दगड तिचा, असं घरात कधीच ठरून गेलं होतं. पहिल्या हिवाळ्यात ती म्हणाली, अजून थोडी मापं घेऊ. दुसऱ्या हिवाळ्यात म्हणाली, मापांवरून अजून नीट काही सांगता येत नाही. आता तिसरा हिवाळा तोंडावर आला होता. दगडात शिरलेलं पाणी गोठलं तर तो आतून फुटेल, असं चिंझियाने स्पष्ट सांगितलं होतं, आणि आज रविवारी दुपारी ती उत्तर न्यायला येणार होती.

तो खळगा नीवेसच्या एका वाक्यामुळे झाला होता.

अकरा वर्षांपूर्वी तिने एक फेरी तयार केली. शहर दाखवणारे लोक राजे, संत आणि मनोरे दाखवतात. तिने दगड दाखवले. वाटाड्या नाही, तिकीट नाही. फोनवर तिचा आवाज ऐकत ज्याने त्याने आपल्या चालीने बारा थांब्यांवरून जायचं. तिने ती शाळेच्या मुलांसाठी केली होती, पण वापरू लागलं सगळं जग. सातवा थांबा तिच्या स्वतःच्या घराचा होता, आपलं घर असं कुठे न म्हणता. तिथे तिचा आवाज सांगायचा: वाका. नखाने हळूच ओरखडा काढून बघा. तुमचं नख या दगडापेक्षा कठीण आहे.

शास्त्राच्या दृष्टीने वाक्यात काही चूक नव्हती. फक्त असं वाक्य किती माणसं ऐकतील आणि किती नखं येतील, हा हिशेब तिने केला नव्हता. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला वर्गात उभं केलं असतं.

लेआर्को तिला यावरून चिडवायचा, आणि ती त्याला पाण्यावरून. वडील होते तोवर ओवरी ओल्या भुशाने झाडली जायची. वडील गेल्यावर लेआर्को दर शनिवारी बादलीभर पाणी ओतून खराट्याने घासू लागला. चिरोडी पाण्यात विरघळते, थोडी, पण विरघळते. हे नीवेसला ठाऊक होतं, आणि फरशी स्वच्छ दिसते म्हणून तिनेही बरीच वर्षं कानाडोळा केला होता. “तुझं पाणी,” ती म्हणायची. “तुझी नखं,” तो म्हणायचा. अशी ती वाटणी होती.

मागच्या वसंतात तिने वाक्य बदललं. नवं वाक्य नव्याने बोलून घातलं: हा दगड इतका मऊ आहे की नखानेही झिजतो, म्हणून कृपया हात लावू नका. त्यानंतरच्या तीन महिन्यांत खळगा आधीच्या वर्षापेक्षा जास्त वाढला.

“आज मी फेरी करून बघणार आहे,” तिने मोजपट्टी ठेवताना सांगितलं. “पहिल्या थांब्यापासून. परक्या माणसासारखी.”

“कशाला?”

“केली नाही कधी. बोलून ठेवल्यापासून.”

लेआर्कोनेही कधी केली नव्हती. इतकी वर्षं लोक त्याच्या दारात थांबून त्याच्या बहिणीचा आवाज ऐकत होते आणि तो त्यांच्यामधून पावाची पिशवी घेऊन जात होता. घरात तो आवाज कमी पडतो का, असं तो विचारायचा. आज मात्र त्याने कप आत ठेवला, चुलीवरच्या कोंबड्याच्या रश्श्याखालची आच अगदी बारीक केली, दुपारी त्यात सारण भरलेल्या तोर्तेल्लिनी पडायच्या होत्या, आणि कोट चढवून बाहेर आला.

धुकं दाट होतं. नोव्हेंबरातलं, हलायला तयार नसलेलं. पहिला थांबा चर्चच्या पायरीवर. लाल संगमरवरात अमोनाइट या प्राचीन समुद्री जीवाचा शंख आडवा कापला गेला होता, थाळीएवढा, रोज शेकडो बुटांखाली जाणारा. तिथे त्यांच्या आधीच एक जोडपं उभं होतं. पन्नाशीचे असावेत, उत्तरेकडून कुठून तरी आलेले, दोघांचे रेनकोट एकाच निळ्या रंगाचे. त्यांच्या फोनवर नीवेसचं बोलणं त्यांच्या भाषेत कुणी दुसरीच बाई वाचत होती. नीवेसला आपली वाक्यं शब्द न कळता ओळखू आली, मध्ये मध्ये येणाऱ्या विरामांवरून.

“हे बघ, तुझी प्रजा,” लेआर्को हळूच म्हणाला.

ते दोघं पुढे, हे दोघं वीसेक पावलं मागे. नदीच्या गोट्यांनी बांधलेल्या गल्लीत आवाज सांगतो की बोलू नका, पायाखाली काय वाजतं ते ऐका. त्या जोडप्याने बोलणं थांबवलं. ग्रॅनाइटच्या खांबापाशी आवाज तळहात टेकवायला सांगतो, आणि त्या माणसाने हातमोजा काढून तळहात टेकवला, सांगितलं तितका वेळ, आणि मग बायकोला खूण केली. वालुकाश्मात कोरलेल्या, झडत आलेल्या पानाफुलांखाली ते मान वर करून उभे राहिले. इतकं मन लावून कुणी आपलं ऐकत असेल, हे नीवेसने कधी पाहिलं नव्हतं. वर्गात तर नाहीच. तिला संकोच वाटला, आणि त्या संकोचाच्या तळाशी थोडा आनंदही.

पाचव्या आणि सहाव्या थांब्यामध्ये बरंच चालावं लागतं. तिथे लेआर्को बोलू लागला. दगडाचा विषय त्याने काढला नाही, वडिलांचा काढला. वडील छत्र्या दुरुस्त करायचे, त्याच ओवरीत, खांबाला टेकून ठेवलेल्या स्टुलावर बसून. ज्या गावात माणूस ओवऱ्यांखालून न भिजता या टोकापासून त्या टोकाला जाऊ शकतो तिथे छत्र्या दुरुस्त करून पोट भरायचं म्हणजे, लेआर्को म्हणाला, बाबांना धंद्याची अक्कल नव्हतीच. नीवेस हसली. मग तिने त्याला ते सांगितलं, जे ती आजवर त्याच्यापाशी कधी बोलली नव्हती. ती सहा वर्षांची असताना वडिलांनी तिचं बोट धरून त्या दगडावर ओढलं होतं. भुकटी तिच्या नखात शिरली, आणि वडील म्हणाले, बघ, तू दगडापेक्षा कठीण. पुढे ती जे शिकली, जे शिकवलं, ते सगळं तिथून निघालं. फेरीतलं वाक्यही वडिलांचंच होतं. दगड झाकला की ते जाईल. दोन वर्षं ती मापं घेते आहे ती दगडासाठी नाहीत, झाकणं लांबवण्यासाठी आहेत, हे तिला कळत होतं.

लेआर्कोने चाल मंदावली.

“नीवेस,” तो म्हणाला, “ते बाबा सगळ्यांनाच करायला लावायचे.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“गिऱ्हाइकांना. छत्रीला काडी बसवायला वेळ लागायचा ना, तोवर माणूस निघून जाऊ नये म्हणून. बायकांना तर हमखास. ‘सिन्योरा, तुम्ही दगडापेक्षा कठीण आहात.’ त्या हसायच्या आणि थांबायच्या. तू शाळेत असायचीस. मी धाकटा, तिथेच खेळायचो. दिवसातून दहादा ऐकलंय मी ते.”

ती चालत राहिली. तिने पहिलं माप कधी घेतलं, हे आठवायला तिला वेळ लागला नाही. फेरी सुरू झाल्यावर, खळगा पडतो आहे अशा लोकांच्या तक्रारी यायला लागल्यावर. त्याआधीचं एकही माप नव्हतं. खळगा आधी किती होता हे तिने कधी विचारलंच नव्हतं. आपल्यापासून सुरुवात झाली असं तिने धरून चाललं होतं, चांगल्यातही आणि वाइटातही.

“आणि तुला?” तिने विचारलं. “तुला करायला लावलं कधी?”

“मला?” लेआर्कोने खांदे उडवले. “मी काय गिऱ्हाईक होतो?”

सातव्या थांब्याला ती जोडप्याच्या मागे न जाता समोरच्या ओवरीत थांबली. गल्ली अरुंद होती, पण समोरून त्यांना ही दोघं केवळ धुक्यातले दोन कोट वाटली असती. निळ्या रेनकोटातली बाई खांबाकडे बघत होती, वर तुळईकडे. माणूस वाकला. आवाजाने आत्ता त्याला हात लावू नका म्हणून सांगितलं असणार, कारण त्याने हात मागे घेऊन खिशात घातला. लेआर्कोने नीवेसला कोपराने ढोसलं. बघ, शहाणा माणूस.

मग बाई पुढच्या दाराकडे वळली. माणसाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शाळेतल्या चोरट्या पोरासारखं. हात खिशातून निघाला. बोट सरळ खळग्यात गेलं, शोधावं लागलं नाही, कारण खळगाच बोलावत होता. त्याने नख ओढलं, हात उजेडाकडे धरला आणि बोटांच्या टोकांवरची भुकटी चोळून पाहिली.

त्याचा चेहरा बदलला. नीवेसने तो बदल ओळखला. वर्गात वर्षातून एखाद्या वेळी, एखाद्याच मुलाच्या चेहऱ्यावर तो येतो, आणि त्यासाठीच शिकवणारा माणूस जन्मभर खडू झिजवतो. त्याने बायकोला हाक मारली. ती आली, त्याची बोटं तिने पाहिली, त्याला दटावलं, आणि दटावता दटावताच तिनेही बोट पुढे केलं.

लेआर्कोला वाटलं बहीण आता ओरडणार. निदान गल्ली ओलांडून जाणार. ती जागची हलली नाही. तिने काय म्हणायचं होतं? इतकं चांगलं ऐकणाऱ्या माणसांना? ते चुकले होते त्या एकाच जागी तिच्याही हातून चूक झाली होती आणि वडिलांच्याही, आणि तिन्ही वेळा ती चूक आनंदाचीच होती. दगड ते सगळं सोसून बसला होता आणि वर खांब होता.

जोडपं आठव्या थांब्याकडे निघून गेलं. त्यांच्या फोनमधला आवाज धुक्यात थोडा वेळ ऐकू येत राहिला.

चिंझिया दुपारी सायकलवरून आली. सायकल तिने भिंतीला लावली, हेल्मेट काढलं, दोघांच्या गालाला गाल लावला. लेआर्को वर रस्सा बघायला जायला निघाला तेव्हा तिने त्याला रश्श्याच्या वासावरून टोमणा मारला, की कोंबडा फार म्हातारा झालेला दिसतो. मग ती दगडापाशी बसली, टॉर्च लावून खालची कड पाहिली, आणि एका जागी पातळ पातं आत सरकवलं. पातं गेलं तितकं ते उन्हाळ्यात जात नव्हतं, असं तिने सांगितलं. आवाजात काळजी होती पण घाई नव्हती. बाईंना घाई करायची नसते हे ती शाळेपासून शिकली होती.

“बाई, मी तुम्हाला ढकलणार नाही,” ती म्हणाली. “गवंडी येत्या आठवड्यात मोकळे आहेत, त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत नाहीत. एवढंच सांगायचं होतं.” थोडं थांबून तिने सहज विचारलं, “लेआर्को काका अजून स्वयंपाकघरातच झोपतात का?”

नीवेसला नीट कळलं नाही. “कुठे?”

“स्वयंपाकघरात. मागच्या हिवाळ्यात मी तडे बघायला आले होते, तुम्ही शाळेच्या कार्यक्रमाला गेला होतात. तेव्हा घडीचा पलंग चुलीपाशी होता. म्हणाले, पुढच्या खोलीचं दार आता मिटत नाही, आणि रात्री लाकूड बोलतं.” चिंझियाने नीवेसचा चेहरा पाहिला आणि टॉर्च बंद केला. “मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

नीवेस त्याच्याही वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला राहायची. सकाळी ती खाली येई तेव्हा स्वयंपाकघर आवरलेलं असे आणि कॉफी चुलीवर असे. भाऊ लवकर उठू लागला आहे, वय झालं, असं तिने मनाशी म्हटलं होतं. पलंगासकट रस्त्यावर उतरेन, असं तो दर महिन्याला म्हणायचा, आणि ती दर महिन्याला आकडा दोनदा वाचायची.

ती जिना चढून वर गेली. चिंझिया मागोमाग आली, काही न विचारता. पुढच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. चौकट एका कोपऱ्यात खाली बसली होती आणि दाराची कड फरशीला टेकून अडकली होती. पलंगावर चादर ताणून घातलेली होती, कुणी न झोपलेल्या पलंगासारखी. उशी नव्हती. खिडकीखाली त्याची हिवाळी पादत्राणं, एका रांगेत.

स्वयंपाकघरात लेआर्को पळीने रश्श्यावरचा फेस काढत होता. त्याच्या मागे, कपाटाशेजारच्या फटीत, घडी घातलेला पलंग उभा होता, आणि त्यावर उशी. तिने तो पलंग आधीही पाहिला असणार. पाहिला होताच. पाहुण्यांचा म्हणून.

“बसा,” लेआर्को म्हणाला, मागे न वळता. “दहा मिनिटं. चिंझिया, तूही बस, कोंबड्याला नावं ठेवलीस तरी वाढीन तुला.”

“लेआर्को.”

तो वळला. तिच्याकडे, मग कपाटाकडे, मग चिंझियाकडे. पळीतून एक थेंब फरशीवर पडला.

“तू कधी सांगितलं नाहीस.”

“काय सांगायचं? भीती वाटते म्हणून? या वयात?” त्याने पळी भांड्यावर आडवी ठेवली. “तुझा दगड होता. मला वाटलं, तू बघशील कधीतरी. मापं घेत होतीसच की.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला ऐकवेना. खालून ओवरीतून कुणीतरी चालत गेलं, बुटांचा आवाज तुळईतून वर आला. आणखी कुणीतरी खांबापाशी थांबलं. काही क्षण पावलं वाजली नाहीत.

नीवेसने खुर्ची ओढली, पण ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती चिंझियाकडे वळली. दोन वर्षं जे वाक्य तिच्याजवळ तयार होतं, आणि जे तिने रोज थोडं थोडं पुढे ढकललं होतं, ते बोलायला तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी श्वास लागला.

“उद्या, सोमवारीच, गवंडी पाठव,” ती म्हणाली. “दगड झाकून टाका. खालपासून वरपर्यंत, सगळा.”